बुडाला चुंबक लावून

बोहरी आळीत दुपारी सव्वातीनला
निम्मी शटरं खाली असतात.
उघड्या निम्म्यांपैकी तिसऱ्यात शिरले
आणि म्हणाले, बिडाचा तवा दाखवा,
चांगला. भेट द्यायचाय.

भेट म्हटल्यावर बुऱ्हाणभाईंनी आधी काढला
नॉनस्टिकचा सेट, काचेच्या झाकणांचा,
खोक्यावर हसणारी बाई.
म्हटलं, जिला द्यायचाय ती अशी हसणार नाही.
ती आधी वजन बघेल,
मग टिचकी मारून नाद ऐकेल,
मग उलटा करून बूड.

मला यातलं काही कळत नाही.
मी आपली कुकरची बाई,
तीन शिट्ट्या आणि वर्तमानपत्र.
तीच होती फ्रिजच्या डोक्यावर बरण्या मांडून
प्रत्येकीवर तारीख आणि वेळ लिहिणारी,
रात्री दोनला उठून
पीठ फुगलं का बघायला जाणारी.
दिवा लागला की मला वाटायचं, भांडतात.
त्याही रात्री होत्याच म्हणा.

"हा खोलगट, दोन कानांचा, खापरोळीला घ्या ताई.
जाड आहे. घाई करत नाही."
मग एक दांड्याचा,
डावीकडे चोच, तूप निथळून ओतायला.
तो हातात घेतला
आणि परत ठेवला.
ऋजुता डावखुरी.

सहा वर्षं प्रत्येक पंगतीत म्हणत आले होते,
उजव्या हातानं वाढ गं.
एकदा वाढलंन.
आमटी सांडली वन्संच्या जरीवर.
मी तेव्हाही बोललेच.

"दोन्हीकडे चोच असलेला आहे का?"
बुऱ्हाणभाई माळ्यावर चढले.
आधी धूळ खाली आली, मग प्रश्न:
"ताई, गॅस आहे की इंडक्शन?"

मला माहीत नव्हतं.
धायरीकडे जागा घेतलीय, एवढं उडत उडत ऐकलेलं.
वास्तुशांत केली असेल तरी
मला कोण बोलावणार?
कोर्टातल्या कागदावर मुलाच्या सहीखाली तिची सही होती,
माझी कुठंच नव्हती.
लग्नाच्या वेळीही नव्हती, खरं तर.

"बीड दोन्हीवर चालतं," माळ्यावरून आवाज आला,
"पण बूड जरा गोल असलं
तर काचेवर डुगडुगतं. विचारून घ्या."

दुकानाच्या पायरीवर उभी राहून फोन लावला.
समोर एक पोरगा पातेल्यांची चळत मोजत होता,
दर वेळी चुकत होता.
"हॅलो," ती म्हणाली, आणि थांबली,
मला काय हाक मारायची ते ठरवत असावी.
मीही काही सुचवलं नाही.
"तुझ्याकडे गॅस आहे की इंडक्शन?"
"इंडक्शन. पाइपचा गॅस यायचाय अजून. का?"
"सहज. काय चाललंय? मिक्सरचा आवाज येत होता."
"कारळ्याची चटणी."
"बरं."
"तुम्हाला आवडते," ती म्हणाली,
की, "तुम्हाला आवडते ना?"
पोरगा पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला
आणि मला नीट ऐकू आलं नाही.

आत बुऱ्हाणभाईंनी तवा काउंटरवर उपडा घातला,
गल्ल्यातला चुंबक बुडाला लावला. टक्.
मग पट्टी आडवी धरून दाखवली,
कुठं उजेड दिसत नाही ना बघा.
दोन चोची, एक दांडा, पावणेतीन किलो.
किमतीत घासाघीस केली,
नाही केली तर पुण्यात संशय येतो.
"साबण लावू नका म्हणावं. तेल, मंद आच.
पहिल्या दोन-तीन चिकटतील. तव्याला दोष देऊ नका."
"तिला माहीत असतं," मी म्हणाले,
उगाच जरा जोरात.

रंगीत कागद नको म्हटलं.
जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळी बांधलीन.
मंडईपर्यंत पोचते तोवर
पिशवीच्या बंदाचा वळ उठला होता तळव्यावर.
हात बदलला.
डाव्याला सवय नव्हती,
पिशवी गुडघ्यावर आपटत राहिली.